घण कुणाचा, नाव कुणाचं?

दलित कवितेबद्दल प्रस्थापितांचं एक वाक्य ठरलेलं आहे : अनुभव जबरदस्त, पण कलाकुसर कमी पडते. आपल्या माणसांच्या हातच्या कामाबद्दल त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं आहे : कारागिरी उत्तम, पण तिला कला म्हणता येणार नाही. म्हणजे लिहिलं तर कारागिरी नाही, आणि घडवलं तर कला नाही. दोन्हीकडून आपण बाहेर. गावकुसाच्या बाहेर काढलं, तसंच सौंदर्यशास्त्राच्याही बाहेर काढलं. काठी एकच, टोकं दोन.

ह्या काठीबद्दल लिहायचंय. पण कवितेपासून सुरुवात केली तर हे लोक लगेच शब्दांच्या धुक्यात शिरतात. म्हणून लोखंडापासून सुरुवात करतो. लोखंडाशी थापा चालत नाहीत. कमी तापलं तर वाकत नाही, जास्त तापलं तर जळून जातं. म्हणून एक लोहार घेतो.

हा लोहार इथला नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या चार्लस्टन शहराचा. काळा माणूस. नाव फिलिप सिमन्स. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत पँथर हे नाव घेतलं, ते तिकडच्या काळ्या लोकांच्या लढ्याकडे बघून. तेव्हा त्यांच्या लोहाराची गोष्ट आपण सांगितली तर ते परक्याच्या घरात डोकावणं होत नाही.

९ जून १९१२ चा त्याचा जन्म, डॅनियल बेटावरचा. लहानपणीच शहरात आला. तेराव्या वर्षी पीटर सिमन्स नावाच्या म्हाताऱ्या लोहाराच्या भट्टीवर उभा राहिला. आडनाव एक, नातं काही नाही. हा पीटर गुलाम म्हणून जन्मलेला. म्हणजे ज्या हातांनी ह्या पोराला घण धरायला शिकवलं, ते हात एके काळी कायद्यानं मालकाची मालमत्ता होते.

पोरगा काय शिकला? घोड्याला नाल ठोकणं, गाडीच्या चाकाला धाव चढवणं, मोडलेलं हत्यार सांधणं. पुढं मोटारी आल्या. घोडे गेले, गाड्या गेल्या, भट्टी थंड पडायची पाळी आली. १९४० च्या आगेमागे तो शोभेच्या लोखंडी कामाकडे वळला. फाटकं, कठडे, गॅलऱ्या, खिडक्यांच्या जाळ्या. महायुद्धाच्या काळात नवं लोखंड मिळेना, तर भंगारातल्या लोखंडातून फाटक उभं केलं. आयुष्यभरात असली पाचशेवर कामं केली. आज ते शहर बघायला गेलेला माणूस त्याच्या फाटकासमोर उभा राहून फोटो काढतो.

त्याचं एक फाटक फार नावाजलेलं आहे. गॅड्सडेन हाऊस ह्या घराच्या फाटकात त्यानं लोखंडाचा नाग घडवला. वेटोळं जमलं, पण डोळा बसेना. बसवलेला डोळा त्याला मेलेला दिसायचा. काढला, पुन्हा केला. पुन्हा मेलेला. नाग जिवंत बघायला लागेपर्यंत तो करत राहिला. गिऱ्हाइकाला फाटक पाहिजे होतं, आणि फाटक तर केव्हाच झालं होतं. डोळ्याचा तो हट्ट त्याचा एकट्याचा होता.

१९७६ साली वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेनं लोकजीवनाचा मोठा उत्सव भरवला. तिथं लोकांच्या डोळ्यांदेखत त्यानं तारा आणि मासा असलेलं फाटक घडवलं, ते संस्थेनं ठेवून घेतलं. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीनं लोककलावंतांसाठी राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू केला, त्या पहिल्याच वर्षी त्याचं नाव त्यात होतं. १९१२ चा जन्म, १९८२ चा सन्मान. लोहाराचा कलावंत व्हायला सत्तर वर्षं लागली. २२ जून २००९ ला, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन, तो गेला.

आता परिसंवादवाले हे ऐकून काय म्हणतील ते मला पाठ आहे. म्हणतील, वा, ह्या माणसाच्या आयुष्यात कारागिरी आणि कला ह्यांचा केवढा सुंदर संगम झालाय! संगम व्हायला आधी दोन नद्या लागतात साहेब. इथं दोन नद्या होत्या कुठं? घण तोच होता. ऐरण तीच, सांडशी तीच. तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखणारी नजर तीच. लोहार भट्टी सावलीत का ठेवतो? लाल कुठं संपतो नि पिवळा कुठं सुरू होतो ते उन्हात कळत नाही म्हणून. नालासाठी ही नजर लागते आणि नागासाठीही लागते. नाल अर्धा बोट चुकला तर घोडा लंगडतो. फाटकाचा तोल चुकला तर ते लोंबतं, मग त्यावर नाग असो की नारायण. उपयोग आणि देखणेपण लोहाराच्या हातात कधी वेगळे नव्हतेच. ते वेगळे केले ज्यांच्या हाताला घट्टे नाहीत त्यांनी. आधी कापलं, आता जोडल्याचं श्रेयही त्यांनाच पाहिजे.

आणि कापलं कशासाठी, ते चार्लस्टन शहरच सांगतं. त्या शहरातले गुलाम कारागीर मालक दुसऱ्याकडे भाड्यानं लावायचे. मजुरी मालकाच्या खिशात. अशा गुलामाला अंगावर तांब्याचा बिल्ला बाळगावा लागे. बिल्ल्यावर शहराचं नाव, साल, नंबर आणि कामाचा प्रकार : नोकर, हमाल, कोळी, कारागीर. एवढं सगळं ठोकलेलं असे. माणसाचं नाव तेवढं नसे. कारागीर हा शब्द तिथं कौतुकाचा नव्हता मित्रहो, तो भाड्याच्या वस्तूचा प्रकार होता. त्या शहरातलं जुनं लोखंडी काम बघून लोक आजही हरखतात. त्यातलं कितीतरी अशा बिननावाच्या हातांचं आहे.

त्या नागाच्या फाटकाचंच घ्या. क्रिस्टोफर गॅड्सडेन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला पुढारी. पिवळ्या झेंड्यावर वेटोळं घातलेला नाग, आम्हाला तुडवू नका अशा अर्थाची ताकीद, हे निशाण त्याच्या नावानं ओळखलं जातं. त्याच गॅड्सडेनच्या नावाच्या धक्क्यावर हजारो आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. स्वतःला तुडवू नका म्हणणारे, आणि दुसऱ्याला धक्क्यावर विकणारे. आपल्याला हा नमुना नवा नाही. स्वराज्य माझा हक्क आहे म्हणणारे नि पाणवठ्यावर काठी घेऊन उभे राहणारे आपणही बघितलेत. २०२३ साली त्याच धक्क्याच्या जागेवर आफ्रिकन अमेरिकन माणसांचं संग्रहालय उघडलं. आणि गॅड्सडेन नावाच्या घराच्या दारातल्या नागाला डोळा दिला तो एका गुलामाच्या चेल्यानं. हा इतिहासाचा सूड म्हणा, नाहीतर हिशेब म्हणा.

१८२२ साली त्याच शहरात डेन्मार्क व्हेसी नावाच्या, गुलामीतून सुटलेल्या सुतारानं उठावाची जुळवाजुळव केली. बातमी फुटली, त्याला फाशी दिलं. मग घाबरलेल्या श्रीमंतांपैकी काहींनी आपल्या भिंतींवर, कुंपणांवर लोखंडी अणकुच्या बसवून घेतल्या. त्या आधी १८०० साली व्हर्जिनियात गॅब्रिएल नावाच्या गुलामानं उठाव रचला होता. तो धंद्यानं लोहार. वाचता येणारा. पीक कापायच्या कोयत्यांच्या पात्यांतून त्यानं नि त्याच्या भावानं तलवारी घडवल्या. ऐन वेळी मुसळधार पाऊस आला, नद्या-नाले तुंबले, फितुरी झाली. ऑक्टोबर १८०० मध्ये त्याला फासावर चढवलं.

म्हणून लोहाराला नुसता कारागीर ठेवायचं. ज्याला बेडी घडवता येते त्याला ती तोडताही येते, हे मालकाला पक्कं माहीत असतं. त्याचा हात पाहिजे, डोकं नको. हात म्हणजे कारागिरी, डोकं म्हणजे कला — ही वाटणी अशी झालेली आहे.

आता इकडं या. दिल्लीला मेहरौलीत लोहस्तंभ उभा आहे. सात मीटरहून उंच, वजन सहा टनांच्या वर, वय सोळाशे वर्षांच्या आसपास. गंजून संपला नाही. कानपूरच्या आय.आय.टी.तल्या बालसुब्रमण्यम ह्या शास्त्रज्ञांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळं पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो आणि तो आतल्या लोखंडाला राखतो, असं त्यांनी दाखवलं. तापलेले गोळे एकावर एक घणानं सांधत हा खांब उभा केलाय. किती हात लागले असतील, किती भाते, किती कोळसा! आणि त्यावर कोरलंय काय? चंद्र नावाच्या राजाची स्तुती. त्यानं शत्रू कसे मारले त्याची. ज्यानं घडवलं त्याचं नाव नाही. राजाच्या तलवारी गंजून माती झाल्या, लोहाराचा खांब उभा आहे, आणि नाव मात्र राजाचं.

पण ह्याच देशात दुसरी रीतही होती. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत एका लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराच्या दानाची नोंद आहे. गाव कल्याण, धंदा लोहार, नाव नंद. साधं दान, पण नाव दगडात. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम केलं, असं लिहिलेलं आहे. आणि बुद्धानं शेवटचं जेवण घेतलं ते पावा गावच्या चुंदाकडे, लोहाराच्या घरी. जेवणानंतर दुखणं वाढलं तेव्हा तथागतानं आनंदाला काय सांगितलं? चुंदाला दोष लागू देऊ नका, त्याचं मन खाऊ देऊ नका. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस लोहाराच्या मनाची काळजी करतो. एका बाजूला हा धम्म, दुसऱ्या बाजूला मेहरौलीचा खांब. कुणाचा वारसा सांगायचा ते आपण १९५६ साली ठरवलेलं आहे.

इथं कुणी म्हणेल, अरे पण लोहार कुठं आपल्यातला? बरोबर. बारा बलुतेदारांत लोहारही होता आणि महारही होता, पण लोहार गावात आणि महार गावाबाहेर. त्यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचा तरी पाय, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणाचं तरी डोकं. शिडीवर वर बसलेल्या लोहाराला तरी काय मिळालं? बलुतं म्हणजे सुगीला मिळणारं धान्य. फाळ कितीदाही पाजवा, खुरपी कितीही करा, नगाला दाम नाही. दाम नाही म्हणून चांगल्या कामाचं मोल नाही, मोल नाही म्हणून नाव नाही. काम नाकारायचीही सोय नाही. त्याच्याही खालचे घिसाडी बघा. रस्त्याच्या कडेला पाल, खड्ड्यातली भट्टी, नवरा सांडशीनं लोखंड धरतो आणि बाई घण मारते. त्या बाईचा एक घाव इकडचा तिकडं झाला तर नवऱ्याचं मनगट जातं. एवढा ताल, एवढा तोल कुठल्या नर्तकीत आहे? पण तिच्यावर परिसंवाद होत नाही. तिला पोलीस हुसकावतो.

म्हणून गावगाड्यातल्या सुंदर हस्तकौशल्याचे गळे काढणाऱ्यांपासून सावध राहा. फिलिप सिमन्स भट्टीवर आपल्या पायानं गेला. त्याच्याही भोवती रंगाची भिंत होती, काळ्या पोराला धंदे मोजकेच होते. पण बाप लोहार म्हणून तू लोहार, असं त्याला कुणा धर्मग्रंथानं बजावलं नव्हतं. आपल्याकडे तेच बजावलं. जातिव्यवस्था कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं. आईच्या पोटातच ज्याच्या हातात घण दिला, त्याची कला फुलली तरी ती तुरुंगातली बाग.

१९२८ हे साल ध्यानात ठेवा. त्या साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. बापजाद्याचं काम सोडायचा हक्क मागितला. त्याच साली गिरण्यांचा मोठा संप चालू असताना त्यांनी दुसरा प्रश्न लावून धरला : विणकाम खात्यात अस्पृश्य का नको? विणकामात पगार जास्त, कसब जास्त. कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि स्पृश्य कामगारांना आमच्या तोंडचा धोटा चालत नव्हता. लाल बावट्याखाली उभे असलेले लोकसुद्धा धोट्यापाशी येऊन हिंदू होत होते. आमच्यात कसब नाही म्हणणाऱ्यांनो, कसबाच्या खात्याला कुलूप कुणी लावलं होतं? सोडायचा हक्क आणि शिरायचा हक्क, दोन्ही एकाच साली मागितले. ह्या दोन हक्कांशिवाय कला-कारागिरीची सगळी चर्चा बाष्कळ आहे.

हा जुना इतिहास झाला असं समजू नका. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात पोरांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना काढली. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीनं रान उठवलं. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले, योजना गुंडाळली. आणि १७ सप्टेंबर २०२३ ला दिल्ली सरकारनं विश्वकर्मा योजना आणली. अठरा धंदे : सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट वगैरे. हत्यारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजानं तीन लाखांपर्यंत कर्ज. भट्टीवर बसलेल्या माणसाला पैसे मिळत असतील तर त्यानं जरूर घ्यावेत, त्याच्या घामाचेच आहेत ते. माझं भांडण शब्दांशी आहे. कुटुंबाचे पारंपरिक व्यवसाय. गुरु-शिष्य परंपरा. परंपरा कुणाची? अठरा वर्षांच्या पोराला आज आपण काय सांगतोय — कॉलेजात जा, की बापाच्या ऐरणीवर बस? तामिळनाडूनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना आहे त्या रूपात राबवणार नाही असं कळवलं आणि जातीशी न बांधलेली आपली वेगळी योजना काढली. महाराष्ट्र फुले-आंबेडकरांचा म्हणवतो. इथं कुणी एवढंही बोललं नाही असं व्हायला नको. निदान आपण बोलू.

आता कवितेकडे येतो. एका मेळाव्यात एक प्राध्यापक माझ्या कवितेबद्दल म्हणाले, लोखंड अस्सल आहे, घडण बाकी आहे. मी सूतगिरणीत रिंग खात्यात पाळी करतो. दिवसभर तुटलेले धागे सांधतो. सांधा जाड झाला तर पुढं मागावर तो अडकतो, कापडात दिसतो, आणि आमच्यावर बोंब येते. तेव्हा घडण म्हणजे काय हे मला प्राध्यापकानं शिकवायची गरज नाही. ज्याला त्याची घडण ओळखीची नाही ती त्याला घडणच वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या ओळीत घणाचा ताल आहे. त्यांचे कान सतारीला सोकावलेले.

पण मित्रहो, दुसरी बाजूही बोललीच पाहिजे, नाहीतर मी भोंदू ठरेन. आपल्यातही काहीजण म्हणतात की घडणबिडण ब्राह्मणी चोचले आहेत, चीड खरी असली की कविता झाली. हे मला मान्य नाही. चीड म्हणजे तापलेलं लोखंड. तापलं म्हणजे घडलं नव्हे. तापलेलं तसंच ठेवलं तर थंड होतं, काळं पडतं, पुन्हा भंगार. तुमच्या बापाच्या विळ्याला धार नसती तर तुम्ही पोसला असतात का? मग तुमच्या ओळीला धार नको कशी? नागाचा डोळा मेलेला दिसला की काढायचा, पुन्हा करायचा. हे कुठल्या अकादमीसाठी नाही. ज्या माणसाबद्दल लिहितो तो ओळीत जिवंत दिसला पाहिजे म्हणून. आपल्या माणसाला बेपर्वाईनं लिहिणं हाही त्याचा अपमानच.

तेव्हा कारागीर की कलावंत, हा त्यांचा सवाल आपण उचलायचाच नाही. आपले सवाल वेगळे : हे काम मी निवडलं का? त्याचा दाम मला मिळाला का? त्यावर माझं नाव आहे का? ह्या तिन्हीला हो असेल तर तुम्ही काहीही म्हणा. नाही असेल तर तुमचा कलावंत हा किताबही तांब्याचा बिल्लाच.

आणि हे सवाल दुसऱ्यांना विचारण्याआधी आपल्या वस्तीत विचारा. बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती लोखंडी कुंपण असतं. विहाराला फाटक असतं, फाटकावर धम्मचक्र असतं. चक्राच्या चोवीस आऱ्या कुणीतरी मोजून, कापून, तापवून, सांधून बसवलेल्या असतात. खाली संगमरवरी पाटी असते. तिच्यावर कुणाचं नाव असतं? नगरसेवकाचं. आमदाराचं. सौजन्य अमुक, शुभहस्ते तमुक. ज्यानं आऱ्या बसवल्या तो वेल्डर उधारीच्या बाकीसाठी कमिटीच्या दारात हेलपाटे घालतो. हा मेहरौलीचा खांब झाला, कान्हेरी नव्हे.

पुढच्या १४ एप्रिलच्या आत प्रत्येक शाखेनं एवढं करावं. आपल्या फाटकाखाली, कुंपणाखाली, जिथं लोखंड जमिनीत शिरतं तिथं, घडवणाऱ्याचं नाव छिन्नीनं कोरून घ्यावं. आधी त्याची बाकी चुकती करावी. आणि त्याच्या पोराला विचारावं, तुला काय व्हायचंय?

तो म्हणाला लोहार, तर त्याला चांगली ऐरण घेऊन द्या. तो म्हणाला दुसरं काही, तर त्याची फी भरा.